आखरावरची हाक

कुंताबाईला केसांना धरून आखरावर आणलं, तेव्हा माझ्या हातात पूजेचं ताट होतं. ताटात झेंडूची फुलं, कुंकू, दिवा. पाडव्याच्या सकाळी गावातल्या सगळ्या बाया गोधन पुजायला आखरावर जमतात, तशी मीही गेले होते. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथं रोज सकाळी गावातली गुरं जमा होतात आणि तिथून जंगलात चरायला जातात.

"हेच ते हात!" पोचूभाऊ ओरडत होता. "याच हातानं माह्या बैलाले खाल्लं हिनं!"

पासष्टीची बाई. लुगडं अर्धं सुटलेलं, कपाळ फुटलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. पोचूभाऊनं कासऱ्याचा पीळ तिच्या पाठीवर मारला. एकदा, दोनदा, मग मी मोजायचं सोडलं. दर फटक्याला ती "माय वं" म्हणत होती. थोड्या वेळानं तेही बंद झालं. दुसऱ्या कुणीतरी तिच्या हातावर पाय दिला आणि टाच फिरवली. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी या गावची आशा सेविका आहे. बायांना बाळंतपणाला नेणं, गोळ्या वाटणं, पोरांना डोस पाजायला नेणं हे माझं काम. माझं तोंड वाईट आहे हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. तालुक्याच्या डॉक्टरलाही मी चार गोष्टी सुनावलेल्या आहेत. आणि त्या सकाळी हे तोंड शिवल्यासारखं बंद होतं. नवऱ्यानं, विनोदनं, माझं मनगट धरलं होतं. "दीपाली, मधात नको पडू. आपल्याले इथीच राह्यचं आहे," तो कानात म्हणाला. आता सगळं त्याच्यावर ढकलून मी मोकळी होऊ शकते. पण खरं सांगते, माझीही गाय आठ दिवसांपूर्वी मेली होती. तीन महिन्यांची गाभण होती ती. एक क्षण मलाही वाटलं, काय सांगावं, बुढीनं केलंही असेल. आग लागो त्या क्षणाला.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायचं तर डोमाभाऊपासून सांगावं लागेल.

डोमाभाऊ आमच्या गावचा गायकी. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. त्याचा बाप गायकी, आजा गायकी. तीस वर्षं त्यानं गावाची गुरं जंगलात नेली आणि परत आणली. वाघानं एकदा त्याच्या डोळ्यांसमोर कालवड उचलली, तेव्हा हा काठी घेऊन वाघाच्या मागे पन्नास पावलं धावला होता. "कालवड नाई भेटली, पण वाघानं पाह्यलं ना, मालक आला म्हणून," असं तो सांगायचा, आणि पोरं हसायची.

सकाळी उजाडलं की आखरावरून त्याची हाक यायची. "होऽऽ कान्होबाऽऽ!" एवढीच. गावभर दावी सुटायची, गुरं आपापल्या वाटेनं आखरावर यायची. कबरी नावाची एक म्हातारी गाय होती, ती सगळ्यांत पुढे. डोमाभाऊ आखराच्या तोंडाशी उभा राहून उजव्या हाताच्या बोटांवर गुरं मोजायचा. संध्याकाळी परतल्यावर पुन्हा मोजायचा. तो देवळात जात नसे. भजनाला बसला तर दुसऱ्या अभंगाला झोपायचा. मी एकदा चिडवलं, "काऊन डोमाभाऊ, तुमी तं गोवारी, कान्ह्याच्या जातीचे. देवाचं नाव तरी घेत जा."

"घेतो ना. दोन टाइम घेतो," तो म्हणाला. "देव गायकी होता बाई. त्यानं का पोथी वाचली? गाई चारल्या. सांजच्याले गाई पुऱ्या भरल्या की माहा जप झाला. एक कमी भरली की मंग भाकर गोड लागत नाई."

त्याचा एकच नेम होता. कान्ह्याच्या कळपातून गाय तोडायची नाही. कुणाशी भांडण असो, कुणी गुरं राखल्याचं वर्षाचं धान दिलं नसो, त्याची गाय डोमाभाऊनं कधी मागे ठेवली नाही. आणि त्याच नेमानं घात केला.

त्या वर्षी लम्पी आली. गुरांच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी, ताप, पाय सुजलेले. गुरांचा डॉक्टर येऊन स्पष्ट सांगून गेला, की आजारी जनावर वेगळं बांधा, कळपात सोडू नका. पहिली गाठ पोचूभाऊच्या बैलाला दिसली. डोमाभाऊनं ती पाहिली. दिवाळी बारा दिवसांवर होती. पाडव्याला गोधनावरून अख्खा कळप न्यायचा असतो, आणि त्याआधी गुरांना रोज सोबत फिरवून, डफरी वाजवून सवय करतात. त्यात त्या बैलाला मागे ठेवायला त्याचं मन होईना. "देवाच्या सणाले त्याच्या कळपातून कोनाले कसं तोडू," म्हणाला, आणि बैल कळपात राहिला. आठवड्यात तीस जनावरांना गाठी आल्या. दिवाळीपर्यंत बावीस मेली.

मग तो घाबरला. कुंताबाई त्याच्या घराशेजारी राहायची. एकटी, विधवा, तळ्यावर मासोळ्या धरून जगणारी ढिवरीण. तिला जनावरांचं थोडंफार कळायचं. डोमाभाऊनं तिला सांगितलं, "कुंताबाई, कडुलिंब-हळद कुटून गाठीले लावून येत जा ना. मले दिवसभर जंगलात राहा लागते." ती बिचारी पहाटे उठून गोठ्यागोठ्यात जायची. जिथं जनावर आजारी तिथंच जाणार ना? आणि तिनं लेप लावलेलं जनावर दोन दिवसांनी मरायचं. गावाला हिशोब जुळला.

त्यात त्या वर्षी दिवाळी आणि पाडवा यांच्या मधे ग्रहण आलं. ग्रहण सुटल्यावर समाजमंदिरात बैठक बसली. पोचूभाऊ उभा राहिला. त्याची बैलजोडी मेली होती, अर्धं धान शेतात कापायचं पडलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत तीन दिवसांची झोप नव्हती. त्यानं डोमाभाऊला विचारलं, "गायकी, तू सांग. समद्याच्या गोठ्यात कोन जात होतं?"

डोमाभाऊनं खाली पाहिलं. "कुंताबाई जात होती," तो म्हणाला.

पुढचं वाक्य त्यानं गिळलं. मीच पाठवलं होतं, हे तो बोलला नाही. रोग माझ्यामुळं फिरला, हेही बोलला नाही. मी तिथं होते. मला ते दुसरं वाक्य माहीत होतं, कारण त्यानं तिला विनवलं तेव्हा मी तिच्या अंगणात बीपी तपासत बसले होते. मीही बोलले नाही. गाव चिडलेलं असलं की आपण कशाला, असं वाटतं. एवढंच.

आता पाडव्याची सकाळ.

आमच्याकडे गोधनाचा रिवाज असा. आखराच्या मधोमध शेणाचा मोठा गोवर्धन करतात, त्यावर झेंडू खोचतात. ज्यांचा नवस असेल ती माणसं त्याच्या शेजारी पालथी झोपतात आणि कळप वरून जातो. गाईचा पाय लागला तरी आशीर्वाद. तीस वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. लोक म्हणत, देवाची कृपा. कृपा असेलही, पण कळपाच्या पुढे डोमाभाऊ चालायचा. हळू हाक देत, माणसं टाळत, तिरपा तिरपा. गुरं त्याच्या पावलावर पाऊल टाकायची.

"झोपवा हिले गोधनात!" पोचूभाऊ म्हणाला. "निर्दोष असन तं गाय पाय नाई देनार. देवच करन न्याय."

लोकांना ते पटलं. चांगली, शिकलेली, मुलांना शाळेत पाठवणारी माणसं माना हलवत होती. कुंताबाईचे पाय कासऱ्यानं बांधले आणि तिला शेणाच्या गोवर्धनाशेजारी आडवं टाकलं. तिनं तोंड वळवून उघड्या डोळ्यानं डोमाभाऊकडे पाहिलं. तो कळपाजवळ उभा होता, नव्या धोतरात, गळ्यात कवड्यांची माळ.

"हाक दे गायकी," पोचूभाऊ म्हणाला.

डोमाभाऊनं नाही म्हणून मान हलवली.

"हाक दे म्हनतो ना बे!"

"नाई देत," डोमाभाऊ म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, सगळ्या आखराला ऐकू जाईल असं बोलला. "तिले मीच पाठवलं होतं! आजारी बैल मीच कळपात ठेवला. डागदरनं सांगतलं होतं, तरी ठेवला. देवाचा कळप म्हनून तोडला नाई. रोग मी फिरवला. मारायचं तं मले मारा!"

मला वाटलं, सुटली बाई.

पण चिडलेल्या माणसाला खरं नको असतं, त्याला हात चालवायला कुणीतरी हवं असतं. "आता काऊन बोलून राह्यला? काल काऊन नाई बोलला?" कुणीतरी ओरडलं. आणि हा प्रश्न खरा होता. पोचूभाऊनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, कवड्यांची माळ तुटली. तिघांनी मिळून त्याला लाथा घातल्या. पोटात, बरगड्यांवर, खाली पडल्यावर डोक्यावर. नव्या धोतरावर रक्ताचे शिंतोडे उडाले. "हिनंच बांधलं त्याले! करनी केली त्याच्यावरबी!" एक बाई किंचाळली. ती माझ्या शेजारीच उभी होती. रोज माझ्याकडून तिच्या नातवाच्या गोळ्या नेते.

पोचूभाऊनं हाकेची वाट पाहिली नाही. तो कळपाच्या मागे गेला, पोरांच्या दिवाळीतली फटाक्यांची लांब लड गुरांच्या पायांत टाकली आणि पेटवली.

शंभराच्या वर जनावरं उधळली.

डोमाभाऊ कसा उठला मला माहीत नाही. रांगत, धडपडत तो गोधनाकडे धावला आणि कुंताबाईवर ओणवा झाला. दोन हात, दोन गुडघे जमिनीत रोवून, पाठ वर करून, तिला पोटाखाली घेऊन. आणि तिथून त्यानं हाक दिली.

"होऽऽ कान्होबाऽऽ!"

कबरी पुढे होती. मी पाहिलं, देवाशपथ पाहिलं, कबरीनं मान फिरवली. ती तिरपी झाली आणि तिच्यामागची पंधरा-वीस गुरं तिच्यासोबत वळली. पण मागून फटाके फुटत होते. मागच्यांना कोण वळवणार? एक गोऱ्हा त्याच्या पाठीवरून गेला. मग एक बैल. त्यानं दुसरी हाक दिली. आणखी काही वळली. मग एक म्हैस आली, आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तिसरी हाक अर्धीच निघाली. धुळीत मला फक्त खूर दिसत होते, आणि शेण, आणि झेंडू.

धूळ बसली तेव्हा गोवर्धन सपाट झाला होता. डोमाभाऊ अजून तिच्यावर होता, पण ओणवा नव्हता, पडलेला. त्याच्या तोंडातून लाल फेस येत होता. उजवा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. त्याच्याखालून कुंताबाईचा आवाज आला. "डोमा, उठ ना गा बा. डोमा."

"मोठा गोवर्धन उचलाले गेला होता," पोचूभाऊ म्हणाला. पण कुणी हसलं नाही.

तेव्हा माझं तोंड उघडलं. उशिरा उघडलं, पण उघडलं. मी ताट फेकलं, विनोदचा हात झटकला आणि त्या गर्दीत शिरून सगळ्यांच्या आया-बहिणी काढल्या. कोणाला काय म्हणाले ते लिहीत नाही, छापता येणार नाही. कुंताबाईचे पाय मी सोडले. फोन मी लावले, पोलिसांना आणि दवाखान्याच्या गाडीला. गाडी यायला दीड तास लागला. तेवढा वेळ मी डोमाभाऊला कुशीवर धरून बसले, कारण उताणं केलं की त्याचा श्वास अडकायचा. विनोद थोड्या वेळानं आला, कुंताबाईच्या डोक्यावर त्यानं आपला नवा सदरा दाबून धरला.

सतरा जणांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जबानी घ्यायला हवालदार गडचिरोलीच्या दवाखान्यात आला, तेव्हा मी तिथं होते. डोमाभाऊच्या छातीत नळी होती. पाच बरगड्या, एक फुप्फुस, हाताचे तीन तुकडे.

"कोणी कोणी मारलं, नावं सांगा," हवालदार म्हणाला.

डोमाभाऊचा आवाज गेला होता. नुसती हवा यायची. मी कान लावला. "पयले माहं नाव लिवा म्हनते," मी हवालदाराला सांगितलं.

"तुमचं काऊन? तुमी तं मार खाल्ला."

"बैठकीत मी अर्धंच बोललो," तो कुजबुजला. "तिथून सुरू झालं."

हवालदारानं ते लिहिलं नाही. त्यासाठी कलम नव्हतं. मग मी म्हणाले, माझंही लिहा, मलाही माहीत होतं. त्यानं तेही लिहिलं नाही.

हवालदार गेल्यावर मी चिडले. कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं म्हणून डोमाभाऊच्या देवावर चिडले. "एवढी वर्षं हाका मारल्या तुमी त्याले. का केलं त्यानं? काऊन नाई आला?"

"कबरी वळली होती," तो म्हणाला. "पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं."

"मंग."

एवढंच बोलला. मला तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

गावाचं काय झालं ते ऐका. गायकी नाही म्हटल्यावर गुरं गोठ्यांत बांधून पडली. चाऱ्याची तणीस संपत आली. दुसऱ्या गावचा एक गायकी आणला, तो पंधरा दिवसांत पळाला. म्हणे, कबरी आखरावरून हलतच नाही, आणि ती हलल्याशिवाय बाकीची हलत नाहीत, आणि वर वाघाची भीती. लोक हळूहळू एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. डोमाभाऊबद्दल कुणी बोलत नव्हतं. कुंताबाईबद्दल तर मुळीच नाही. तिच्या पायात सळई बसली होती आणि एका डोळ्याची नजर गेली होती. ती दवाखान्यातून सरळ आपल्या झोपडीत परत आली. मी म्हटलं होतं, लेकीकडे जा, सिरोंचाकडे. ती म्हणाली, "काऊन जाऊ? मी का केलं?"

डोमाभाऊ पौष महिन्यात आला. काठी टेकत आखरावर जाऊन दगडावर बसला. हाक द्यायला तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. कबरी समोर उभी होती, कान टवकारून. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्न केला नाही. मान खाली घातली. माझ्या आयुष्यात मी एवढं वाईट दुसरं काही पाहिलं नाही, आणि मी मेलेली लेकरं पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, आणि हाक आली.

"होऽऽ कान्होबाऽऽ!"

बाईचा आवाज. फाटलेला, चिरका. कुंताबाई लंगडत येत होती, हातात डोमाभाऊची काठी. ज्या हाताची बोटं मोडली होती त्याच हातात. ती प्रत्येक दारासमोर थांबत होती. ज्या दारांतली माणसं पाडव्याला तिच्या अंगावर धावून आली होती, त्याच दारांसमोर. पहिल्या दोन-तीन घरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग कुठल्यातरी गोठ्यात एक गाय हंबरली. दावं सुटलं. मग दुसरं. माझ्या दारात आली तेव्हा मी नवी पाडी सोडली. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. "तोंड उचल वं दीपाली," ती म्हणाली, "गाय का तू सोडून राह्यली, का गाय तुले?" आणि पुढे गेली.

आजारी जनावर आता वेगळं बांधतात, आखराबाहेर चिंचेखाली. ते डोमाभाऊनंच ठरवलं. कुंताबाई त्याला लेप लावते. सकाळी मोजताना मात्र डोमाभाऊ त्यालाही धरतो.

पोचूभाऊ त्याच आठवड्यात जामिनावर सुटून आला होता. त्याच्याकडे एकच गाय उरली होती. त्या पहिल्या सकाळी कुंताबाई सगळ्यांत शेवटी त्याच्या फाटकासमोर थांबली. हाक दिली. दार बंद. पुन्हा दिली. सगळा कळप तिच्यामागे रस्त्यावर खोळंबला. आम्ही बाया आपापल्या दारांत उभ्या होतो. मी गेले आणि म्हटलं, "चाल ना कुंताबाई, राहू दे त्याची. ज्यानं तुले मारलं त्याची गाय चारतं का तू?"

"त्याची कुठली?" ती म्हणाली. "कळपाची आहे."

आणि उभीच राहिली. बराच वेळ. ऊन वर आलं.

तिकडे आखरावर डोमाभाऊ दगडावर बसला होता. रस्त्यावर खोळंबलेली गुरं त्यानं तिथूनच मोजली होती, डाव्या हातावर, कारण उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. एक बोट उघडं ठेवून, हात तसाच वर धरून, तो वाटेकडे पाहत होता.

फाटक वाजलं. पोचूभाऊ बाहेर आला नाही, फक्त दावं सोडणारा हात दिसला. एक तांबडी गाय, बरगड्या दिसत असलेली, बाहेर आली आणि कळपात मिसळली. कुंताबाईनं काठी उचलली.

ती गाय आखरावर पोचली, तेव्हा डोमाभाऊनं ते बोट मिटलं.